वीसची पाटी

मार्चमधल्या त्या सकाळी बुरुलच्या ट्रॉलीबसपुढे नगरपालिकेचा एक ट्रक आडवा उभा होता, आणि त्याच्या शेजारी शिडीवर चढून एक माणूस खांबावरच्या पाटीचे बोल्ट आवळत होता. अगदी निवांत! जणू खाली ओश शहर नव्हतंच.

बुरुलला थांबणं मुळात जमायचंच नाही. डेपोत तिला सगळे उतावळी म्हणत. पण ट्रॉलीबस वरच्या तारांना जोडलेली, ट्रकला वळसा घालणार कुठून? तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अहो शिडीवाले! उतरताय, की संसार तिथंच मांडताय?"

"दोनच मिनिटं, एजे!"

"एजे? मी काय तुमची थोरली बहीण दिसते?"

त्यानं वाकून खाली पाहिलं. भुवयांवर पावसाचे थेंब, ओठांत एक बोल्ट धरलेला. तो काढून हातात घेत तो म्हणाला, "आवाज तर थोरल्या बहिणीचाच आहे. चेहरा मात्र... नाही."

मागे बसलेल्या बायका खुदकन हसल्या. बुरुलचे कान तापले. ट्रक हलल्यावर तिनं उगाचच लांबलचक भोंगा वाजवला.

पाटी शाळेची होती. वरच्या त्रिकोणात धावणारी दोन मुलं, खाली लाल वर्तुळात वीसचा आकडा. शाळेच्या कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताशी वीसच्या वर जायचं नाही.

मग रोजचंच झालं. बुरुल उशिरा पोचायची आणि डेपोत वेळा लिहिणारी उल्कान एजे चष्म्यावरून बघायची. "पुन्हा चार मिनिटं? वाटेत झोपतेस का गं?" दोन महिने बघू, तक्रारी आल्या तर पाटी काढू, असं नगरपालिकेनं सांगितलं होतं. चालकांनी लगेच तक्रारीचा अर्ज केला. एकोणीस सह्या. पहिली बुरुलची.

पुढच्या आठवड्यात शिडीवाला तिच्या ट्रॉलीबसमध्ये चढला. हातात वही, गळ्यात स्टॉपवॉच. चालकाच्या जागेमागे दांडा धरून उभा राहिला.

"मी मेदेर. पाटीमुळे किती वेळ जातो ते मोजायला पाठवलंय मला."

"मोजा! चार मिनिटं जातात, लिहून घ्या."

शाळा मागे पडली. त्यानं घड्याळ पाहिलं. "सत्तावीस सेकंद."

"अन् ब्रेक लावायचा, पुन्हा वेग घ्यायचा, ते कोण धरणार?"

"बरं, पस्तीस धरू. तुमच्यासाठी चाळीस."

"उपकार झाले! मग उरलेली मिनिटं काय मी खाते?"

"हो," तो वही चाळत शांतपणे म्हणाला. "बाजाराच्या थांब्यावर भट्टीतला गरम समसा घेता खायला. समसावालीशी तिच्या सुनेबद्दल बोलता. तीन मिनिटं. काल साडेतीन झाली होती."

"काल? काल कुठं होता तुम्ही?"

"मागच्या सीटवर," म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "कामच होतं... म्हणजे, बरंचसं काम."

बुरुल इतकी हसली, की पुढचा थांबा चुकता चुकता राहिला.

त्यानंतर तो रोज यायचा. मोजायचं केव्हाच संपलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाजाराच्या थांब्यावर आता ती दोन समसे घ्यायची. तो चढेपर्यंत तिचं लक्ष आरशात... आणि चढला की रस्त्यावर. त्याचं सगळंच सावकाश. बोलायच्या आधी तो जणू वाक्य वळवून पाहायचा, आणि तिला वाटायचं, ओढून काढावं ते त्याच्या तोंडातून!

एप्रिलच्या सुरुवातीला एक दिवस तो चढला, पण समसा घेतला नाही.

"अर्ज आज आमच्याकडे आला. पहिली सही तुमची आहे."

"तेव्हा मी तुम्हाला ओळखत नव्हते..."

"पाटी माझ्यासाठी लावलेली नाही, बुरुल," तो हळूच म्हणाला आणि पुढच्याच थांब्यावर उतरून गेला.

एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. तो आला नाही. बुरुलला जेवण जाईना, घरी बसवेना. आईनं विचारलं तर ती वसकन अंगावर गेली, मग स्वतःच रडली. राग त्याच्यावर होता की स्वतःवर, तेच कळेना. रस्त्यावरचा प्रत्येक खांब दिसला की नजर आपसूक वर जायची... शिडी आहे का?

सहाव्या दिवशी पाऊस होता. शाळा सुटायची वेळ. उभ्या असलेल्या दोन गाड्यांमधून एक चिमुरडी अचानक रस्त्यावर आली, घरंगळत गेलेल्या आपल्या बुटांच्या पिशवीमागे. बुरुलनं ब्रेक दाबला. ट्रॉलीबस हिसका देऊन थांबली, वीज घेणारे छतावरचे दांडे तारांवरून निसटले. मुलगी चाकापासून हातभर अंतरावर होती. तिनं पिशवी उचलली, झटकली आणि उड्या मारत पलीकडे गेली. तिला काही कळलंच नाही.

वेगकाट्यावर मघाशी वीस होतं. चाळीस असतं तर? पुढचं बुरुलला मनात आणवेना. दांडे तारांवर चढवायला ती खाली उतरली. तिसऱ्या खेपेला कुठं दांडा बसला.

त्या दिवसापासून ती डेपोत एकेका चालकाच्या मागे लागली. कुणी हसलं, कुणी म्हणालं, "काय गं, शिडीवाल्यानं फितवलं वाटतं?"

"त्यानं नाही. माझ्या चाकापुढं आलेल्या पोरीनं," ती म्हणायची आणि सही मागं घ्यायचा कागद पुढं करायची.

गुरुवारी दुपारी पाळी संपताच ती मेदेरच्या कचेरीत धडकली. तो टेबलाशी नवीन पाट्यांची यादी करत होता. तिनं कागदांचा गठ्ठा त्याच्यापुढे आपटला.

"बारा जणांनी सह्या मागं घेतल्यात. सगळ्यात वरचा कागद माझा."

त्यानं एकेक कागद वाचला. सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. कागद नीट रचून ठेवत तो म्हणाला, "मग पाटी राहील. सातच तक्रारींवर काढत नाहीत." मग हळूच म्हणाला, "ते मुलीचं... मला कळलं. यायचं होतं. पण तुम्ही रागावला असाल, असं वाटलं."

"रागावले होतेच! एकेक करून दिवस मोजले मी. तुमच्यासारखं घड्याळ नाही माझ्याकडे, तरी मोजले." ती टेबलावर वाकली. "मला आडवळणानं बोलता येत नाही, मेदेर. तुम्ही आला नाहीत की... मला कशातच काही वाटत नाही. बस्स. सांगितलं."

तो उठून उभा राहिला. ओठ हलले, थांबले. ती वाट पाहत राहिली. या वेळी मात्र तिनं त्याला घाई केली नाही.

"माझी आई," तो शेवटी म्हणाला, "मागणी घालायला तुमच्याकडे आली... तुझ्या कानात कानातली घालायला... तर चालेल?"

"कधी?"

"रविवारी."

"रविवारी!" बुरुलचे डोळे भरून आले आणि ती ओरडलीच, "अरे, आज गुरुवार आहे! तोवर मी काय करू?"