आईसकट वजन

विमान लहान होतं म्हणून हा सगळा प्रकार घडला. मोठं असतं तर कुणी कुणाचं वजन केलं नसतं, आणि मला सांगायला काही उरलं नसतं.

चर्चमधली एक तुकडी दरवर्षी थोड्या दिवसांसाठी जंगलातल्या मिशन हॉस्पिटलात जायची. ऑपरेशनं करायची, किडके दात उपटायचे, रोग्यांच्या उशाशी प्रार्थना करायची आणि परत यायचं. तिथं उतरायला गवताची एक चिंचोळी पट्टी, त्यामुळे वैमानिक वजनाच्या बाबतीत भलताच खडूस. निघायच्या सकाळी धावपट्टीला लागून असलेल्या चर्चच्या हॉलमध्ये धान्याच्या गोदामातला मोठा वजनकाटा आणून ठेवायचा आणि प्रत्येकानं पिशवीसकट त्यावर उभं राहायचं, असा त्याचा नियम. डॉक्टर चांगले भरलेले गृहस्थ. ते पोट आत ओढून, श्वास कोंडून उभे राहिले. पाळकसाहेबांनी त्यांना सांगितलं की कोंडलेल्या श्वासाचंही वजन धरतात, तो आधी सोडा. सगळा हॉल हसला.

हसली नाही ती सिस्टर, तुकडीतली नर्स. हिची सगळी नोकरी लहान मुलांच्या वॉर्डात गेलेली. अंगानं अशी काडी, की वारा सुटला की शेजारीण तिला आत बोलवायची. ती नवऱ्याकडे न बघता आपली पाळी यायची वाट बघत होती, आणि नवरा तिच्याकडे न बघता तिची पिशवी धरून उभा होता. तो दवाखान्यात कंपाउंडर. यायचं नाही म्हणाला होता, फक्त पोचवायला आला होता.

कारण त्या जंगलातल्या हॉस्पिटलामागं त्यांची मुलगी होती. पुरलेली.

लग्नानंतर दोघं तिथंच नोकरीला होती. मुलगी चार वर्षांची, गोल गरगरीत. बापानं धंद्याला धरून तिचं नाव ठेवलं होतं गोळी. तिला ताप आला. औषध आणायला बाप नदीपलीकडे गेला आणि नदी फुगली. तो परतला तेव्हा आईनं माती लोटून हातसुद्धा धुतले होते. त्यानंतर दोघांनी ते गाव सोडलं आणि ते नावही. गेली कित्येक वर्षं तिला एकदा तिथं जाऊन नुसतं बसायचं होतं. दरवर्षी तो पुढच्या वर्षी बघू म्हणायचा. यंदा तिनं न विचारताच पिशवी भरली.

तर सिस्टर पिशवी घेऊन वजनकाट्यावर चढली, आणि सुई गेली ती पार पलीकडे.

वैमानिकानं मान हलवली. तिनं पिशवीतून जाड घोंगडी काढली. मग बूट, मग मुलांसाठी घेतलेले साबण. सुई जेमतेम हलली. शेवटी पिशवीच नवऱ्याकडे दिली, पायातल्या चपला काढल्या. सुई थोडी मागं आली आणि हट्टानं तिथंच उभी राहिली. तुम्ही म्हणाल, काटाच बिघडला असेल. वैमानिकालाही तसंच वाटलं. त्यानं पुन्हा डॉक्टरांना चढवलं. डॉक्टर बिचारे जेवढ्यास तेवढेच भरले.

काटा खोटं बोलत नाही म्हटल्यावर वैमानिकाचा नाइलाज झाला. बाई, पुढच्या वर्षी या, असं शक्य तितक्या मऊ आवाजात सांगून तो सामान चढवायला वळला. डॉक्टर त्याच्यामागं गेले. बाकीचेही विमानाकडे निघाले.

सिस्टर वजनकाट्यावरून उतरली नाही. तिला वास आला. घामानं थबथबलेल्या केसांचा, कपाळावर ठेवून ठेवून गरम झालेल्या ओल्या फडक्याचा. तिच्या ध्यानात आलं की आपण नेहमीसारख्या एका अंगाला, कडेवर मूल घेतल्यासारख्या कललेल्या आहोत. कानाशी काहीतरी बारीक वाजत होतं... नाक चोंदलेलं मूल झोपेत वाजतं तसं.

वॉर्डात रडकं मूल काट्यावर ठरत नाही. मग आईसकट वजन करायचं, मूल दुसऱ्या कुणाकडे द्यायचं, आईचं एकटीचं करायचं आणि वजाबाकी मांडायची. हजारदा केलेलं काम. काट्यावरच्या आकड्यातून तिनं आपलं नेहमीचं वजन मनातल्या मनात वजा केलं. जी बाकी आली ती तिच्या ओळखीची होती. गोळीचं वजन आजारात उतरत उतरत शेवटच्या सकाळी जिथं येऊन थांबलं होतं, तेवढीच.

ती नवऱ्याकडे वळली. “अहो... हिला जरा धरता का? माझं एकटीचं करायचंय.”

पाळकसाहेब तिला काही समजावायला पुढं झाले. पण कंपाउंडरनं पिशवी सोडली आणि दोन्ही हात पुढं केले. निव्वळ बायकोचं मन राखायला केले असतील. ते हात भार पडल्यासारखे खाली गेले, आणि त्यानं चटकन सावरून ते छातीशी घेतले.

सुई झर्रकन मागं आली.

दारातून वैमानिकानं तेवढंच पाहिलं. काटा अडकला होता म्हणायचा, असं म्हणत त्यानं तिची पिशवी उचलली आणि चला म्हणाला.

सिस्टर उतरली. तिनं हात पसरले. “द्या.”

त्यानं दिलं नाही. “राहू दे माझ्याकडे. मला तेव्हा उचलायलासुद्धा मिळालं नाही गं... तू जा. मी आणि गोळी आहोत इथं.”

“मग मी तिथं कुणाकडे जाऊ?”

त्यानं हात छातीशी आणखी घट्ट धरले. बाहेर इंजिन सुरू झालं. डॉक्टर हाका मारायला लागले. तिनं नवऱ्याच्या खांद्यापाशी, हवेतच, हाताची पालथी बाजू टेकवली आणि क्षणभर तशीच ठेवली. “आत्ता अंग गार आहे,” ती म्हणाली. “वाऱ्यात नेऊ नका.” आणि ती गेली. सरळ चालत गेली, कलली नाही. इतकी हलकी, की शिडी चढताना तिला दोनदा कठड्याला धरावं लागलं.

विमान वर चढलं. कंपाउंडर हॉलमध्येच राहिला, बेतानं डुलत, भार या हातावरून त्या हातावर घेत. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखानं माणसाचं असं होतं, असं मनाशी म्हणत त्यांनी सांत्वनासाठी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग ताप आहे का म्हणून त्याचं मनगट धरून पाहिलं. ते बर्फासारखं थंड होतं.

“पाळकसाहेब,” कंपाउंडर अगदी हळू म्हणाला, मूल जागं होऊ नये असं, “चढतोय... तिच्या आईला परत बोलवा.”

विमानाचा आवाज केव्हाच विरून गेला होता. पाळकसाहेबांना दुसरीकडे कुठं बघवेना म्हणून ते त्याच्या शर्टाकडे बघत राहिले. कॉलर एका बाजूला लहानशा मुठीत धरल्यासारखी चुरगळून ओढली गेली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत ती सैल पडत गेली... एकेक बोट सुटावं तशी, एकेक चुणी सोडत.