साडेपाच तास पुढची नोंद

यातलं काहीही रचलेलं नाही. विनुता आजही तंजावरला त्याच केंद्रात, त्याच खुर्चीवर बसते. तिला विचारलंत तर ती हेच सांगेल. फक्त विचारू नका. ती फार दमलेली आहे.

आणि हो, हे रात्रीचं नाही. भर दिवसाचं आहे. गेल्या मे महिन्यातला मंगळवार, सकाळचे नऊ.

केंद्र छोटंसं. डायलिसिसच्या सहा खाटा, दोन नर्स, एक डॉक्टर. आसपासच्या खेड्यांतून पेशंट बसने येतात, चार तास पडून राहतात आणि संध्याकाळच्या बसने परत जातात.

विनुताचं काम कंप्युटरचं. जुन्या डेटाबेसमधल्या नोंदी नव्यात न्यायच्या, रोजच्या ताज्या पडतात त्यासुद्धा. ऐकायला सोपं.

जुन्यात वेळ साध्या अक्षरांत लिहिलेली, इथल्या घड्याळाप्रमाणे. नवा सगळं जागतिक वेळेत ठेवायचा, म्हणजे इथल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आणि मधला ड्रायव्हर, म्हणजे दोघांतला दुभाषा, कुणाला काय सांगायचं तेच विसरायचा. कधी साडेपाच तास मिळवायचा, कधी नाही. चार मे लिहिलं तर पाच एप्रिल वाचायचा.

तीन महिने ती एकटी हेच निस्तरत होती. पुढे गेलेली वेळ दिसली की साडेपाच तास वजा करायचे. पुढची नोंद. पुन्हा वजा.

स्वप्नातसुद्धा ती वजाबाकीच करायची.

त्या मंगळवारी एक ताजी नोंद दिसली. खाट चार. कल्याणराम. ‘उपचार थांबवला.’ वेळ दुपारची दोन पस्तीस.

घड्याळात तेव्हा नऊ पाच झाले होते.

बरोब्बर साडेपाच तासांचा फरक. नेहमीचीच चूक. तिनं दोन पस्तीसचे नऊ पाच केले आणि पुढे गेली.

त्याच दुपारी कल्याणराम गेले. चार नंबरच्या खाटेवर, रक्तदाब एकदम उतरून. विनुताला वाईट वाटलं. पण केंद्रात माणसं जातात. तिनं डबा उघडला, दोन घास खाल्ले, पुन्हा कामाला लागली.

आठ दिवसांनी, बुधवारी, ताराबाई आल्या. कल्याणरामांच्या पत्नी. ओरत्तनाडुहून सकाळची पहिली बस धरून. हातात केंद्राचा कागद.

“अम्मा, हे पहा की. ह्यात नऊ पाच लिहिलंय. डॉक्टरांच्या दाखल्यात दोन पस्तीस. ऑफिसातले म्हणतात, माणूस दोनदा कसा जाईल?”

“चूक झाली असेल. मी बघते, बसा.”

“नऊला ते माझ्यासमोर बसून इडली खात होते.” ताराबाईंचा आवाज अगदी शांत होता. “चटणी जास्त झाली म्हणून रागावलेसुद्धा.”

विनुतानं आपल्या दुरुस्त्यांची यादी उघडली. कुठली नोंद कधी बदलली, ते त्यात आपोआप लागतं.

कल्याणरामांची नोंद तिनं बदलली होती... सकाळी नऊ वाजून सहा मिनिटांनी.

ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

आकडा ड्रायव्हरनं पुढे ढकलला असेल, कबूल. पण ते वाक्य? माणूस घरी इडली खात असताना ‘उपचार थांबवला’ हे इथे कुणी लिहिलं?

तिनं कागद दुरुस्त करून दिला. ताराबाईंनी घडी घातली, तिच्या हातावर हात ठेवला आणि गेल्या. विनुताला त्यांच्याकडे बघवलं नाही.

नोंदीखाली नर्सचा कोड होता. तिनं वासुकीला बोलावलं. वासुकी तिथली मोठी नर्स.

“हा कोड कुणाचा गं?”

वासुकीनं वाकून पाहिलं... आणि मागे सरली.

“अक्का, हा वेंकूबाईंचा. माझ्या आधी त्याच होत्या इथे.”

“मग आता कुठे असतात?”

“त्या वारून चार वर्षं झाली. त्यांना टायपिंग येत नसे. एका बोटानं लिहायच्या. पण पेशंटचा चेहरा नुसता पाहून सांगायच्या, ह्याच्याजवळ थांबा म्हणून.”

विनुता कीबोर्डवरच्या आपल्या बोटांकडे बघत राहिली.

एक बोट.

कित्येक दिवस तो आवाज तिला येत होता. शेजारच्या सामानाच्या खोलीतून. टक... टक... टक... तिला वाटायचं, पंखाच वाजतोय.

ती उठली. खोलीचं दार ढकललं. जुने स्टँड, खोकी आणि कोपऱ्यात वॉर्डातला जुना कंप्युटर. वायर काढून वरच गुंडाळून ठेवलेली. सगळ्यावर बोटभर धूळ.

पंखा... त्या खोलीत पंखा नव्हताच.

ती जागेवर परतली. स्क्रीनवर नवी नोंद आली होती.

खाट चार. सेतुराम. ‘उपचार थांबवला.’ वेळ तीन बावन्न.

घड्याळात दहा बावीस.

सेतुराम म्हणजे तिचे गणिताचे सर. तीन वर्षं त्यांनी तिला फी न घेता शिकवलं होतं. दर बुधवारी ते पापनाशमहून यायचे, दुपारच्या पाळीला.

या वेळी तिनं वजाबाकी केली नाही.

“वासुकी, सरांना चारवर घेऊ नकोस. कुणालाच घेऊ नकोस.”

“डॉक्टर विचारतील अक्का, काय सांगू?”

“मशीन बिघडलंय म्हण. खोटं माझ्या माथी.”

सर आले. दोन नंबरच्या खाटेवर आडवे झाले. विनुता उशाशी स्टूल घेऊन बसली.

“काय गं, काम नाही वाटतं आज?”

“आहे सर. कंटाळा आला.”

“तू आणि कंटाळा?” ते हसले आणि डोळे मिटून पडून राहिले.

तीन वाजले. साडेतीन. तीन पंचेचाळीस.

दुसरी नर्स चहाला गेली. वॉर्ड सुस्तावला. मशीनची घरघर तेवढी चालू.

तीन पन्नास...

आणि तो आवाज आला. भिंतीपलीकडून. टक... टक...

वासुकीनंही ऐकलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

मग आवाज थांबला.

“सर?”

सरांचं कपाळ घामानं डबडबलेलं. ओठ पांढरे. मशीनचा गजर अजून वाजलाही नव्हता.

वासुकीनं झडप घालून खाटेची उशाकडची बाजू खाली केली, मशीन मंद केलं, सलाईन सोडलं. विनुता डॉक्टरांना हाका मारत धावली.

सात मिनिटं.

सातव्या मिनिटाला सरांनी डोळे उघडले.

“आणखी थोडा वेळ कुणी नसतं, तर संपलं होतं,” डॉक्टर म्हणाले.

चार नंबरची खाट रिकामीच होती. खाट बदलून काहीच टळलं नव्हतं. टळलं ते जवळ माणूस होतं म्हणून.

विनुता जागेवर येऊन बसली. तिनं नोंद शोधली. सेतुरामांची ती ओळ... नव्हती. कुणी पुसल्याची खूणही नव्हती.

त्या रात्री तिला रडू आलं, ते भीतीनं नाही. आठ दिवसांपूर्वी कुणीतरी एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत, कल्याणरामांसाठी निरोप धाडला होता. आणि तिनं तो दुरुस्त केला होता.

ताराबाईंना तिनं हे अजून सांगितलेलं नाही. काय म्हणून सांगायचं?

जूनमध्ये चेन्नईहून साहेबांचा फोन आला. ड्रायव्हर बदला, नवा आलाय, वेळा जुळतील. विनुतानं दोन आठवडे टाळलं. पेशंट वाढलेत म्हणाली, तब्येत बरी नाही म्हणाली. शेवटी साहेब ओरडले, आणि तिनं स्वतःच्या हातानं तो बदलला.

तेव्हापासून सगळ्या वेळा चोख येतात. मिनिटाचाही फरक नाही. साहेबांनी शाबासकी दिली.

जुलैत दोन पेशंट गेले. दोघांच्याही नोंदी बिनचूक आल्या.

ते गेल्यावर.