गुडघ्यावर बसलेला पोलीस

नेवेना शाळेच्या कुंपणावर चढली होती, एक पाय आत नि एक बाहेर, तेवढ्यात खालून आवाज आला, "सातवी की आठवी?"

पाऊस भुरभुरत होता. तिच्या डोक्यावर लोकरी टोपी, पाठीला पिशवी, आणि मुळात उंची बेताचीच. तास सुरू झाला की फाटक बंद, हा नवा नियम तिच्या गावीही नव्हता.

"आठवी," ती म्हणाली.

"आईला बोलावू?"

"बोलवा ना! तीही म्हणतेच, तुझ्या वयाच्या मुलींची लग्नं होतात आणि तू कुंपणं कसली चढतेस?"

तिने वळून पाहिलं. खाली उभा असलेला पोलीस कानापर्यंत लाल झाला होता.

"म्हणजे तुम्ही..."

"संगीत शिकवते इथे."

त्याने जाऊन फाटक उघडलं.

वुकाशिन त्याचं नाव. उझित्से शहराच्या चौकात गाड्या अडवणारा हा गडी शाळेचा पोलीस व्हायचं प्रशिक्षण घेऊन आला होता, आणि तिथे शिकवलेलं सगळं व्रतासारखं पाळत होता. कमरेच्या पिस्तुलाच्या पट्ट्यावर हात ठेवायचा नाही. आवाज चढवायचा नाही. रडणाऱ्या पोरासमोर गुडघ्यावर बसायचं, तळवे उघडे, नजर त्याच्यापेक्षा खाली. त्यामुळे त्याच्या पँटचे गुडघे कायम मळलेले आणि पहिलीतली पोरं कायम त्याच्या मागे. आठवीतले भांडकुदळही त्याच्यापुढे मांजर होत.

नेवेनाही विरघळली होती. पण हा बाबा! शिक्षकांच्या खोलीत कॉफी दिली की उभ्याउभ्या प्यायचा, आभार मानायचा आणि पळायचा.

"मी काय चावते का हो?" तिने एकदा विचारलंच.

"वर्दीत असताना सगळ्यांशी सारखंच वागायचं... असं शिकवलंय."

"स्वयंपाकघरातल्या मिलुंका मावशींची चीजची गिबानित्सा मात्र दोनदा मागून खाता!"

"तो... तपासाचा भाग असतो."

तो हसला. नजर जरा जास्तच रेंगाळली, आणि मग निमूट फाटकाकडे वळली.

मार्चमध्ये दूरच्या नोवी साद शहरातल्या संगीतशाळेने तिला नोकरीला बोलावलं. तिथे मुलांचा मोठा गायनवृंद होता, तिचं जुनं स्वप्न. पण ह्या मुक्या माणसाला सोडून जायचं म्हटलं की तिचा पाय निघेना. शेवटी मधल्या सुट्टीत फोन आला, "आजच कळवा, नाहीतर दुसऱ्या कुणाला घेऊ." थोड्या वेळात सांगते म्हणून ती पटांगणातल्या बाकावर बसली आणि तिला रडूच फुटलं.

वुकाशिनने ते पाहिलं. धावत आला, आणि शिकवल्याप्रमाणे थेट गुडघ्यावर. तळवे उघडे.

"काय झालं? घाई नाही... सावकाश सांगा."

पटांगणातले खेळ थांबले. मग वरच्या मजल्यावरून कुणीतरी किंचाळलं, "पोलीसकाका बाईंना मागणी घालतायत!"

खिडक्यांत डोकीच डोकी. "हो म्हणा, बाई! हो म्हणा!" स्वयंपाकघरातून मिलुंका मावशी हातातल्या डावासकट धावत आल्या.

"अरे नाही, ही पद्धत आहे! प्रशिक्षणातली!" वुकाशिन उठायला धडपडला.

"उठू नका," नेवेना हळूच म्हणाली. "मला नोवी सादला नोकरी आलीय. जावं की नाही, म्हणून रडतेय. आता खरं सांगा... ही नुसती पद्धतच आहे?"

तो अर्धवट उठलेला तसाच राहिला. मग पुन्हा खाली बसला आणि डोक्यावरची वर्दीची टोपी काढून बाजूला ठेवली.

"मघाशी पद्धत होती. आता नाही." त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "माझं प्रेम आहे तुमच्यावर. पण थांबा म्हणणार नाही मी. जा तुम्ही. मी तिकडची शाळा मागून घेईन... पोरं काय, तिथेही भांडतातच की."

इतके दिवस ती एका 'थांब'साठी झुरत होती, आणि हा तर सोबत यायला निघाला होता! तिला रडता रडता हसू फुटलं.

"हो!" ती ओरडली, गाणाऱ्या बाईच्या खणखणीत आवाजात.

शाळा दणाणली. "आता ऊठ रे बाबा," मिलुंका मावशी डाव नाचवत म्हणाल्या, "जमीन गार आहे, थंडी भरून लग्नाआधीच मूत्रपिंडं दुखायला लागायची!"

त्या गोंधळातच नेवेनाने नोवी सादला फोन लावला. येते म्हणून सांगितलं, आणि डोळे पुसत विचारलं, "तुमच्याकडच्या शाळांना पोलीस लागतो का हो? माणूस चांगला आहे. जरा लाजतो, एवढंच."