तिसरा चौकोन

"बाई, पडाल!"

मी स्टुलावर चढून भिंतीवरचा तक्ता उतरवत होते. शाळा सुटून तास झाला होता, आणि अंगात इतका शीण होता की पडले असते तर तिथेच आडवी होऊन झोपले असते. तसं मी बोलूनही दाखवलं.

"मग सावकाश पडा," मागचा आवाज म्हणाला. "पण आधी तक्ता इकडे द्या. मी त्याच्यासाठीच आलोय."

तो छापखान्याचा मालक. मालक म्हणजे यंत्र चालवणारा आणि शेवटी झाडू मारणाराही तोच. बोटांना शाई, डोळे लाल, शर्टाचं बटण भलत्याच काजात. वडिलांच्या आजारपणात त्याचं अख्खं वर्ष गेलं होतं, आणि शेवटी वडीलही गेले होते. हे मात्र त्यानं नाही, आमच्या शिपाईमावशींनी सांगितलं.

आमची शाळा शंभर वर्षांपूर्वी थिऑसॉफी नावाचा अध्यात्मपंथ मानणाऱ्या मंडळींनी काढली. त्या काळी हे वेड चित्रकारांना लागलं, लेखकांना लागलं, शिक्षकांना तर फारच. मनात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला रंग असतो, असं ही मंडळी मानायची. त्यांच्यातल्याच एका चित्रकारानं हा तक्ता रंगवला. दहा चौकोन, दहा भावना. मुलांनी आधी डोळे मिटून आपला चौकोन ओळखायचा, मग ब्रश हातात घ्यायचा. राग लाल, बुद्धी पिवळी, भक्ती निळी. पण खालची बरीचशी नावं कसरीनं खाल्ली होती. तिसरा आणि आठवा, दोन्ही चौकोन राखाडी. आठव्याखाली 'थकवा' असं वाचता यायचं, तिसऱ्याखाली काहीच नाही. म्हणून अकरा वर्षं चित्रकलेच्या तासाला मी मुलांना सांगत आले, आठवा मोठा थकवा, तिसरा छोटा थकवा.

शताब्दीसाठी तक्ता नव्यानं छापायचा होता. मुख्याध्यापक तो शाळेबाहेर नेऊ देईनात, चौकटीतून काढूही देईनात. मग काय, रंग जुळवायला स्वारी रोज शाळा सुटल्यावर वर्गात हजर. मी नमुन्याच्या कागदी पट्ट्या रंगवायच्या, त्यानं त्या खिडकीशी धरून नाक मुरडायचं. आमच्यात फारसं बोलणं व्हायचं नाही… दोघंही दमलेले. पण ते न बोलणं मला बरं वाटायला लागलं होतं.

"माझा चौकोन कुठला, सांगा ना," एकदा तो म्हणाला.

"तिसरा." मी मानही वर केली नाही.

"नीट बघा तरी!"

मग बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. "तिसराच."

"म्हणजे छोटा थकवा?" तो हिरमुसला. "एवढं राबून छोटाच?"

"मोठा माझा आहे."

तो हसला, आणि मग हसता हसता थांबला. "मावशी म्हणत होत्या, तुम्ही शाळा सोडताय."

"राजीनामा लिहून ठेवलाय. शुक्रवारी देणार. मग ताईकडे, कायमची."

"का?"

"दमले. मुलांवर ओरडायचाही कंटाळा येतो आता."

तो 'थांबा' म्हणेल, असं मला उगाच वाटलं. त्यानं पट्टी उचलली, उजेडात धरली, आणि म्हणाला, "पिवळा… जरा जास्त झालाय." मला इतका राग आला! घरी जाऊन मी निम्मी बॅग भरली.

गुरुवारी मुख्याध्यापकांनी एकदाची चौकट उघडायची परवानगी दिली. त्या दिवशी त्याचं बटण बरोबर काजात होतं. त्यानं चौकटीची लाकडी पट्टी हलकेच सोडवली आणि तक्त्यावर वाकला.

"बाई… इकडे या."

तिसऱ्या चौकोनाची कड पट्टीखाली दबलेली होती. बोटभर रुंद. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं… आणि ती कड गुलाबी होती. टवटवीत, ओलसर वाटावी इतकी गुलाबी. त्यानं तक्ता उलटा केला. पाठीवर पेन्सिलीनं यादी होती, चित्रकाराच्या हातची. आठ – थकवा. तीन – प्रेम.

मी यादी पुन्हा वाचली. अकरा वर्षं! अकरा वर्षं मी प्रेमाला छोटा थकवा म्हणत आले. किती मुलांना शिकवलं असेल… आणि स्वतःला?

"त्या दिवशी तुम्ही मला तिसरा म्हणालात," तो हळूच म्हणाला. "दोनदा."

"तेव्हा तो थकवा होता."

"माझ्याकडून तेव्हाही थकवा नव्हता." कान लाल झाले त्याचे. "मला छापता येतं बाई, बोलता येत नाही. त्या दिवशी पिवळ्याचं भलतंच बोलून बसलो. जाऊ नका. शाळा सोडायची तर सोडा, पण… इथेच राहा."

माझे डोळे भरून आले, आणि ते पुसायचाही मला आळस आला.

"माझा चौकोन कुठला?" मी विचारलं.

"मोठा थकवा. तुम्हीच म्हणालात."

"नीट बघा तरी."

त्यानं बघितलं. रंग जुळवताना बघायचा तसं, अजिबात घाई न करता.

"तिसराच," तो म्हणाला. "मधे ऊन खाऊन उडालाय. पण कडेला शिल्लक आहे."

खूप वेळानं त्याला कामाची आठवण झाली. गुलाबीचा नमुना हवा होता, पट्ट्या संपल्या होत्या. मी खण उघडला. वरच घडी घातलेला कागद होता. तो उलटा करून मी ब्रश गुलाबीत बुडवला आणि एक चौकोन भरला, काठोकाठ. वाळायला म्हणून त्यानं तो उचलला, तर पलीकडची अक्षरं त्याला दिसली.

"अहो, हा तर तुमचा राजी–"

"पाठकोरा होता. वापरला."

त्यानं तो कागद दोन्ही हातांनी धरला, रंगाला बोट लागू न देता. "आणि उद्या? शुक्रवार आहे."

"उद्या रंग जुळला नाही, तर परत या."

"आणि जुळला तर?"

"तरी या."