ढोलबंदीतला जोडीदार

ही गोष्ट खरी आहे. अर्धी माझ्या मामेभावाच्या, ओदोईच्या तोंडून ऐकलेली आणि अर्धी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली. कुणाला थाप वाटत असेल तर त्यानं आमच्या घरी यावं. कोर्लेईचा डावा हात आजही कोपरातून सरळ होत नाही.

घानाच्या राजधानीच्या, अक्राच्या पूर्वेला समुद्रकाठी आमचं गाव आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ती जिम अजून चालू आहे आणि तिथे अजून पोरं जातात.

मागच्या वर्षी, होमोवोच्या सणाआधीच्या ढोलबंदीत हे घडलं. रात्री नाही. दिवेलागणीला. असलं काही रात्रीच घडतं असं समजून आपण उगाच संध्याकाळी बेफिकीर असतो.

ढोलबंदीत गावात चिडीचूप असतं. ढोल नाही, भोंगा नाही, चर्चमध्येसुद्धा टाळ्या नाहीत. शेतात पेरलेलं धान्य झोपलेलं असतं, त्याला उठवायचं नाही. आणि म्हणूनच त्या दिवसांत एक गोष्ट लपत नाही...

कुणाच्या घरात कोण कुणाला मारतंय ते.

सोवा आमच्या कोर्लेईला मारायचा. कोर्लेई म्हणजे ओदोईची सख्खी बहीण, सोवा तिचा नवरा. तिचं घर माझ्या अंगणाला लागून, मधे फक्त माझी मासे धुरवायची भट्टी. एरवी भोंग्याच्या गोंगाटात काही कळायचं नाही. बंदी लागली आणि पट्ट्याचा प्रत्येक फटका सगळ्या गल्लीला ऐकू यायला लागला.

सट्...

सट्...

गल्ली ऐकायची आणि मक्याच्या पिठाची केंकी नि मासे खात बसायची. नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर सांगायचं कुणाला, अशी आमची गल्ली. मी एकदा भांडायला गेले, तर सोवा दारात उभा राहून हसला. "तुझे मासे जळतायत बघ," म्हणाला.

ओदोई शिंपी. अंगानं इतका किरकोळ की शर्ट त्यानं घातलाय की शर्टानं त्याला, हे कळू नये. तरी तो गेला. सोवानं त्याची गचांडी धरली, उचलला आणि गटारात बसवला.

"काडीपैलवान!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळी गल्ली हसली. बंदी असून हसली.

ओदोई उठला, पाय निथळवले आणि घरी न जाता तडक तावियाबाबाच्या जिममध्ये गेला.

जिम म्हणजे काय, मेकॅनिकच्या गॅरेजमागचं उघडं अंगण. ट्रकचा ॲक्सल हा बार, आणि रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतून केलेली वजनं. मध्ये एक लाकडी बेंच. तावियाबाबा फाटकाला दोर बांधत होता.

"बाबा, मला शिकवा."

म्हाताऱ्यानं त्याला वरून खाली न्याहाळलं. "काय शिकवू? वाऱ्यात उभं राहायला?"

"चेष्टा नको बाबा. माझी बहीण मरेल तिथे."

तावियाबाबाचा चेहरा उतरला. तो कठोर माणूस नव्हे. "सण होऊ दे पोरा. सणाच्या दुसऱ्या दिवशी ये, मी स्वतः शिकवीन. बंदीत लोखंड उचलायचं नसतं."

"आवाज नाही करणार."

"आवाजाचं नाही रे." म्हाताऱ्यानं बेंचकडे पाहिलं आणि सूर खाली आणला. "यंदा आजेतेई ह्या बेंचवर गेला. एकटाच उचलत होता, बार छातीवर आला. सणाच्या दुसऱ्या दिवशी गाव त्याच्यासाठी रडेल. तोपर्यंत त्याला कुणी सांगितलेलं नाही..."

"काय?"

"की तो मेलाय."

आजेतेईला आम्ही सगळे ओळखत होतो. जमिनीच्या तंट्यात दोन्हीकडचे लोक भाड्यानं माणसं आणतात ना, तसला. कुणाचा पाय मोडायचा, कुणाचं घर पाडायचं, तर आजेतेईला सांगा. आपल्या धंद्यात तो चोख होता, एवढं म्हणते आणि गप्प बसते.

ओदोईनं मान हलवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तावियाबाबा सणाच्या बैठकीला गेला, तसा हा मागच्या भिंतीवरून आत उतरला. बरोबर दुकानातल्या चिंध्यांचं गाठोडं होतं. डबे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यानं प्रत्येक डबा चिंध्यांत गुंडाळला. शिंप्याची अक्कल ती! आवाज झाला नाही म्हणजे बंदी मोडली नाही, असा त्याचा हिशोब.

तो बेंचवर पडला. बार आडव्या खुंट्यांवरून उचलला.

आणि तिथेच चुकला. जन्मात लोखंड न धरलेला माणूस. हात थरथरले, कोपरं वाकली आणि बार सरळ गळ्यावर आला.

श्वास बंद.

ओरडावं तर आवाज नाही. पाय झाडले. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. त्याच्या मनात फक्त एवढंच आलं की आता कोर्लेईसाठी भांडायला जाणारं कुणी उरलं नाही.

तेवढ्यात... वास आला.

बामाचा. पैलवान सांध्यांना चोळतात तो झणझणीत बाम.

आणि बार हलका झाला.

गळ्यावरून उठला, वर गेला, खुंट्यांवर जाऊन बसला. ओदोईचे हात बारला होते, पण जोर त्याचा नव्हता. डोक्याच्या मागे कुणीतरी उभं राहून उचलतं, तसं.

त्यानं मान वळवून पाहिलं.

कुणी नव्हतं.

शहाणा माणूस तिथून पळाला असता. ओदोई दुसऱ्या दिवशी परत गेला. "ताई, गटारात बसलेल्या माणसाला भुताची भीती वाटत नाही," असं मला नंतर म्हणाला.

रोज तेच. हा बेंचवर पडायचा, बाम दरवळायचा आणि बार वर जायचा. हळूहळू वजनं वाढली. हा वाढवायचा नाही. हा यायचा तेव्हा डबे आधीच चढवलेले असायचे.

मग एका संध्याकाळी एका डब्याची चिंधी सुटली. डबा निसटला, खालच्या लोखंडी पट्टीवर पडला. ओदोईच्या तोंडचं पाणी पळालं. आता सगळं गाव धावून येणार.

पण आवाज झालाच नाही.

डबा पडलेला दिसत होता. पट्टी हलताना दिसत होती. आवाज... नाही.

त्यानं टाळी वाजवली. नाही. स्वतःचं नाव घेतलं. ओठ हलले, नाही. भिंतीवरचे कावळे चोची उघडत-मिटत होते. त्यांचाही नाही.

बामाचा वास मात्र अगदी कानाशी होता.

त्यानं भिंत गाठली, पलीकडे उडी टाकली. पाय मातीला लागल्याचा धप्प आवाज ऐकला, तेव्हा त्याला रडू फुटलं.

त्यानंतर तो गेला नाही. पण जे यायचं ते आलं होतं. बोटं अशी जाड झाली की सुई धरता येईना. कापड कापायच्या आधीच फाटायचं. बाजारात एकानं "काय काडीपैलवान" म्हणून टपली मारली, तर ह्यानं त्याला एका हातानं टोमॅटोच्या पाट्यांवर भिरकावला. तिथे मी होते. त्या माणसाचे दोन दात पडले.

ओदोई हसत होता. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. बळी तो कान पिळी, मग एकदा आपणही पिळावा की!

तावियाबाबानं हे ऐकलं आणि दुकानात येऊन त्याचे तळवे उलटून पाहिले. "कुणाबरोबर उचलतोयस?"

"एकटाच."

"एकट्यानं इतक्या थोड्या दिवसांत हे होत नाही." म्हाताऱ्यानं त्याचे तळवे सोडून दिले. "ओदोई, आजेतेई जिथे जातो तिथे काय करतो, तुला माहीत आहे ना? घरी बस. सण होईपर्यंत कुणाच्या अंगाला हात लावू नकोस. बहिणीच्यासुद्धा."

ओदोई घरी बसला. आठवडाभर खरंच बसला.

सण तोंडावर आला. कोर्लेईसाठी शिवलेला नवा झगा घेऊन तो दिवेलागणीला आमच्या गल्लीत शिरला. फक्त झगा द्यायचा आणि परत फिरायचं, असं ठरवून आला होता.

गल्लीच्या तोंडाशीच त्याला ऐकू आलं.

सट्...

मी भट्टीपाशी होते. तो माझ्याकडे न बघता पुढे गेला. झगा माझ्या अंगणात पडला.

सोवा दारात वळला. "आला का काडी—"

पट्टा ओदोईच्या तोंडावर बसला. गाल फाटला. ओदोईनं डोळासुद्धा मिटला नाही. त्यानं पट्टा धरला, सोवाला ओढून जवळ घेतलं आणि त्याचं मनगट मुठीत दाबलं. नुसतं दाबलं. मनगट उसासारखं मोडलं.

सोवा ओरडला. ओदोईनं त्याला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि माझ्या भट्टीवर आपटला. विटा ढासळल्या. मासे, निखारे, रक्त, सगळं एकत्र. परत उचलला. परत आपटला. सोवाच्या तोंडातून शब्द येत नव्हते, फेस येत होता.

"बास कर!" मी म्हटलं. "ओदोई, बास!"

त्यानं कोपऱ्यातलं मुसळ उचललं. सोवाला उताणा पाडला, मुसळ त्याच्या गळ्यावर आडवं ठेवलं आणि दोन्ही टोकांवर हात ठेवून दाबायला लागला. सावकाश. सोवाच्या टाचा जमिनीवर ताडताड आपटत होत्या. गल्लीतले चार पुरुष त्याला मागे खेचत होते, पण तो तसूभर हलला नाही.

कोर्लेई धावली. पाठीवर वळ, तोंड सुजलेलं. "सोड रे! मरेल तो! पोरांचा बाप आहे!" तिनं डाव्या हातानं ओदोईचा दंड धरला.

ओदोईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. एक हात मुसळावरून काढला, तिचं कोपर धरलं आणि पिळलं.

कट्...

तिची किंकाळी मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मग तो थांबला. मुसळ सोडलं, उभा राहिला, खाली पडलेल्या बहिणीकडे पाहिलं. लहान पोरासारखा चेहरा झाला त्याचा.

"कोर्लेई," तो म्हणाला, "कुणी केलं गं हे?"



सोवा जगला. गळा गेला, बोलता येत नाही. दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांनी बसून मिटवलं. तो आपल्या आईकडे, समुद्रापासून आत कुठल्यातरी गावात गेला आणि कोर्लेई पोरांना घेऊन माझ्याकडे राहायला आली.

सण झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं गाव वर्षातल्या मेलेल्यांसाठी रडलं. तावियाबाबा जिममध्ये बेंचसमोर उभा राहिला, जमिनीवर दारू शिंपडली आणि मोठ्यानं म्हणाला, "आजेतेई, तू मेलास. जा आता." मग त्यानं हातोडा घेऊन बारवर घाव घातला. ठण्ण! साऱ्या गावानं ऐकला. आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. आजेतेईनं केलं, आजेतेई गेला. मी ओदोईला तेच सांगितलं. तुझा दोष नाही, तू नव्हतासच तो.

त्यानं आपले तळवे उलटून पाहिले.

"ताई," तो म्हणाला, "तो असला की मला काहीच ऐकू यायचं नाही. आठवतंय ना, सांगितलं होतं?"

"हो."

"त्या दिवशी मला सगळं ऐकू येत होतं. पट्टा. टाचा. तू हाका मारत होतीस त्या. तिचं हाड." "बामाचा वासही नव्हता. तुझ्या माशांचाच होता."

आजेतेई गेला असेल, तर ओदोईच्या हातांतलं बळ का गेलं नाही? आणि तो त्या दिवशी तिथे नव्हताच, तर मग...

नको. मी पुढचा विचार करत नाही.

ओदोईनं शिवणकाम सोडलं. आता होड्या ओढतो. चार माणसांचं काम एकटा करतो. अधूनमधून आमच्याकडे येतो, अंगणात बसतो, आत कधी येत नाही.

परवा असाच बसला होता. मी नव्या भट्टीवर मासे लावत होते. कोर्लेईची धाकटी पोर दुडुदुडु आली आणि त्याच्या मांडीवर चढून त्याची बोटं मोजायला लागली. मामानं हात अगदी उघडे ठेवले होते. बोटसुद्धा हलवत नव्हता.

कोर्लेई बाहेर आली. तिनं पाहिलं. उजव्या हातानं पोरीला उचललं, कडेवर घेतलं आणि आत जाऊन कडी लावली.

पोर आतून मामा, मामा करून रडत होती.

ओदोई दाराकडे बघत राहिला. "बरं केलंस," तो हळूच म्हणाला. आत ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

मग तो उठून निघाला. मी मासे उलटवत राहिले. त्याला थांब म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं नाही.