न रडणारी वेल

पुंजाआबांना अख्ख्या दिंडोरीत आपल्याहून शहाणा माणूस भेटला नव्हता. नाशकातल्या डॉक्टरला तर त्यांनी स्पर्धेतच धरलं नव्हतं.

"यकृत पार कडक झालंय, आबा," डॉक्टर म्हणाले. "रक्त मागे तुंबतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. एखादी फुटली की रक्ताची उलटी, मग काही खरं नाही. ही बीटा-ब्लॉकरची गोळी रोज घ्या. नाडी संथ होते, शिरांतला दाब उतरतो."

"म्हंजे ड्रिपची नळी फुगली, तर मोटर हळू चालवायची. एवढं शिकायला बापाचं शेत इकलं का?"

रोज सकाळी लंकाबाई गोळी नवऱ्याच्या हातावर ठेवायच्या. आबा ती जिभेखाली दाबून दारातल्या द्राक्षवेलीपाशी जायचे आणि तिच्या बुंध्यात थुंकायचे.

"घे भवाने, तूच सुधार तुझं यकृत."

ऑक्टोबरात छाटणी झाली. छाटलेल्या वेली रडतात, काडीच्या टोकातून टपटप पाणी गळतं. सगळी बाग रडली. दारातली वेल मात्र ठणठणीत कोरडी.

"हिला गोळी लागू पडली," आबा फिदीफिदी हसले. गंमत म्हणून बोटाला लावायचं नाडीचं यंत्र त्यांनी काडीला लावलं.

आकडा आला. छप्पन्न.

"चायना माल," ते म्हणाले. पण पुन्हा लावून पाहिलं नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टर खूश. "नाडी छप्पन्न! अगदी हवी तेवढी. गोळी सोडू नका हं."

गोळी खाते वेल, जगतो मी, अन् मिशीवर ताव मारतो हा डॉक्टर! परतीच्या एसटीत आबा एकटेच हसत होते.

दारात वेल नव्हती.

"वठली होती हो," लंकाबाई म्हणाल्या. "छाटल्यावर पाणीबी सोडलं नाय तिनं. ट्रॅक्टर वळायला अडचण नुसती."

गडी समाधान नळाखाली करवत धूत होता. बादलीतलं पाणी तांबडं झालं होतं.

"गंज असंल, आबा," तो म्हणाला. मग पात्याकडे बघत राहिला. "पण करवत तर नवी हाय."

आबा त्याची अक्कल काढायला गेले, तर तोंडात काहीतरी कोमट, खारट भरून आलं.

सवयीनं ते वेलीच्या उरलेल्या बुंध्यापाशी गेले आणि थुंकले.

"अहो! गोळी थुंकलात व्हय?" लंकाबाई ओरडल्या.

 आबांनी फक्त तळहात पुढे केला, गोळीसाठी.