साडेसात काठ्या

नऊ नंबरचा तुकडा सुटला असता तर ब्रायनी थॅकरला काय मिळालं असतं, याचा हिशेब टॅपली गावात सगळ्यांना पाठ होता. दहा काठ्या, म्हणजे अडीच गुंठे जमीन, सकाळचं ऊन, पाण्याची टाकी हाताच्या अंतरावर, आणि चार वर्षं वाट पाहण्याचा शेवट. ती राहायची मासे-चिप्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खिडकीच्या कठड्यावर दह्याच्या रिकाम्या डब्यांत वाटाणे लावायची. गावबागेत भाजीपाल्यासाठी गावकऱ्यांना भाड्यानं तुकडे मिळत; तिथल्या प्रतीक्षायादीत तिचं नाव लागलं तेव्हा ती अकरावी होती. मग दोघं वारले, तिघं स्पेनला गेले, एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चौघांनी नाद सोडला... आणि या मार्चमध्ये ब्रायनी पहिली आली.

हे सगळं तिला तोंडपाठ, कारण ती यादी तीच ठेवायची. टॅपलीच्या पॅरिश कौन्सिलची, म्हणजे गावपंचायतीची, चिटणीस तीच. सात सदस्यांनी महिन्यातून एकदा भांडायचं आणि ते भांडण सभ्य भाषेत कागदावर उतरवायचं काम ब्रायनीचं, अशी वाटणी होती.

अडचण एवढीच, की पडीक पडलेल्या नऊ नंबरला नोटीस द्यायचं कामही तिचंच होतं.

एप्रिलच्या एक तारखेला, बारीक भुरभुर चालू असताना, ती नोटीस खिशात घालून गावबागेत गेली. नऊ नंबरवर कमरेएवढी खाजकुयरी आणि तिच्यामागे काटेरी बेरीचं रान. त्या रानातून आवाज आला, "कोणी आहे का? असाल तर हसू नका, आणि माझ्या पाठीतला काटा सोडवा."

"मी हसले नाही."

"नाकातून हसलात. मला ऐकू आलं. पियानो जुळवतो मी, कान हेच माझं हत्यार."

ब्रायनीनं हातमोजा काढला. हिरव्या स्वेटरला काटेरी फांदीनं तीन ठिकाणी धरलं होतं. ओल्या लोकरीचा वास, त्यात मातीचा, आणि मानेवर पावसाचा एक थेंब ओघळून कॉलरमध्ये शिरला... तिनं नजर काट्यावर ठेवली. शेवटचा काटा सुटताना स्वेटरचा धागा तिच्या बोटात राहिला.

तो वळला. तिशीचा असावा. केसांत सुकलेलं पान, गालावर ओरखडा. ब्रायनीनं नोटीस पुढे केली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

त्यानं वाचली. "आज एक एप्रिल आहे."

"नोटीस खरी आहे."

"अठ्ठावीस दिवसांत तीन चतुर्थांश लागवड. म्हणजे किती?"

"साडेसात काठ्या. खणलेल्या, लावलेल्या, डोळ्यांना दिसतील अशा."

"आणि आत्तापर्यंत माझ्या किती झाल्या?"

ब्रायनीनं त्याच्या बुटांकडे पाहिलं. "उभे आहात तेवढ्या."

आता हसायची पाळी त्याची होती. जॉस पेंगेली त्याचं नाव. तुकडा मूळचा त्याच्या हेस्टर आत्याचा. आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा तो तिच्या घरी येऊन राहिला, आणि एकाच पत्त्यावर राहणाऱ्याचं नाव जोडीला लावता येतं या नियमानं तुकड्यावर त्याचंही नाव चढलं. ते ब्रायनीनंच चढवलं होतं. पण तेव्हा फॉर्म टपालानं आला होता, आणि फॉर्मला असे डोळे नव्हते. फेब्रुवारीत आत्या गेली.

"नाही जमलं तर तुकडा कोणाला जाईल?" जॉसनं विचारलं.

"यादीत पहिलं नाव असेल त्याला."

"कोणाचं आहे?"

टोपीवरून पाणी ठिबकत होतं. "माझं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, नोटिशीकडे पाहिलं, तिच्या बोटातल्या हिरव्या धाग्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही माझा काटा काढायला आलात... आणि आल्याआल्या काढलातही."

"सोडून द्या," ब्रायनी म्हणाली. "पियानोवाल्याचे हात आहेत. फोड येतील."

"चिटणीसबाई, मी हा तुकडा सोडणार नाही."

"मीही यादी सोडणार नाही."

"मग जमलं आपलं," तो म्हणाला, आणि फावडं उचललं. उलटं.

त्या महिन्यात ब्रायनीच्या कामाची वाट अचानक गावबागेवरून जायला लागली. सूचनाफलकाची काच पुसायची, फाटकाची कडी बघायची, टाकीतलं पाणी मोजायचं. कौन्सिलच्या इतिहासात इतकी निगराणी कुणी केली नव्हती. साडेपाचच्या सुमारास ती फाटकाशी यायची आणि जॉसचं कामही नेमकं तेव्हाच फाटकाजवळ निघायचं.

"बटाटे किती खोल लावायचे?" तो विचारायचा.

"चिटणीस म्हणून मला सांगता येणार नाही. मी यादीत पहिली आहे, सल्ला दिला तर तो पक्षपात."

"आणि चुकीचा सल्ला दिलात तर?"

"तोही पक्षपातच. माझ्या बाजूचा."

"बरं, नुसती ओळखीची बाई म्हणून?"

ब्रायनी आकाशाकडे बघायची. "ओळखीची बाई म्हणून... वीतभर. डोळे वर करून."

"माझे की बटाट्याचे?"

आठ नंबरवरून खोकल्याचा आवाज यायचा. तिथं डोरीन टपर, वय ब्याऐंशी, रेवाचिनीच्या पानांआड उलट्या बादलीवर बसून चहा प्यायची आणि सगळं ऐकायची. "पोरी," ती एकदा म्हणाली, "त्याला हरवायला आलीस की शिकवायला, ते एकदा ठरव. मला रोज मान वळवून बघावं लागतं."

"डोरीन, मी फक्त पाहणी करते."

"ते दिसतंय. इतकी पाहणी माझी माझ्या नवऱ्यानंही केली नाही."

जॉस मात्र थट्टेत वेळ घालवत नव्हता. सकाळी सहाला यायचा, पियानोची कामं दुपारवर ढकलायचा. हाताला फोड आले, फुटले, त्यावर चिकटपट्ट्या लागल्या. खाजकुयरी गेली, बटाटे गेले जमिनीत, कांदे, शेंगा, बीट. हिरव्या स्वेटरची एक बाही कामी आली. ब्रायनी रोज मनातल्या मनात काठ्या मोजायची. चार. पाच. साडेपाच. आकडा वाढला की आपल्याला बरं का वाटतं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर नोंदवावं लागलं असतं.

एकोणतीस एप्रिलला मोजणी झाली. अध्यक्ष ऑब्री स्टॅनक्लिफ स्वतः फीत घेऊन आले. निवृत्त दंतवैद्य, जमीनही ते कीड शोधल्यासारखी बघायचे. दोन सदस्यांनी फीत धरली. आकडा आला पावणेसात काठ्या.

"मागच्या कुंपणालगत एक काठीची पट्टी मोकळी आहे," स्टॅनक्लिफ म्हणाले. तिथं नुसती सुकलेली पानं पसरली होती. "ती का सोडलीत?"

"आत्या म्हणायची, तिथं खणू नकोस, थांब," जॉस म्हणाला. "का, ते विचारायचं राहिलं."

"थांबणं ही लागवड नव्हे. परवाच्या सभेत निर्णय होईल."

सगळे गेले. जॉस मान खाली घालून गेला, कडी न लावता. कडी लावायला ब्रायनी मागे राहिली, आणि तिचा पाय त्या पट्टीवरच्या पानांत गेला. बुटाला काहीतरी टणक लागलं. तिनं वाकून पानं सारली.

जांभळट शेंड्याचा, करंगळीएवढा जाड कोंब. शेजारी दुसरा. मग पुढे आणखी... अकरा. खायची शतावरी. ही हिवाळ्यात जमिनीखाली नाहीशी होते आणि एप्रिल सरताना वर येते. ज्याला ठाऊक नाही त्याला ती माती पडीकच वाटणार. ही पट्टी धरली तर जॉसच्या पावणेआठ काठ्या होत होत्या. नाही धरली तर तुकडा ब्रायनीचा, आणि तयार शतावरीचा वाफाही ब्रायनीचा.

आजूबाजूला कोणी नव्हतं. ब्रायनीनं पानं परत सारखी केली आणि घरी गेली.

सभा गावच्या हॉलमध्ये, गुरुवारी संध्याकाळी सातला. जॉस मागच्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसला होता, शेजारी डोरीन. गावकऱ्याला सभेत तीन मिनिटं बोलता येतं, म्हणून डोरीन प्रत्येक सभेला घड्याळ घेऊन यायची.

"विषय सातवा," स्टॅनक्लिफ म्हणाले. "तुकडा क्रमांक नऊ. मोजणी पावणेसात. त्यामुळे—"

ब्रायनी उभी राहिली. चिटणीस सभेत उभी राहत नाही; सातही मुंडकी वळली.

"मोजणीत चूक आहे. मागची पट्टी मोकळी नाही. तिथं शतावरी आहे. अकरा कोंब वर आलेत."

"मिस थॅकर, तुम्ही यादीत पहिल्या. या विषयावर तुम्हाला बोलता येत नाही. नियम तुम्हीच आम्हाला दर महिन्याला वाचून दाखवता."

"यादीत होते. आज सकाळी नाव काढलं. तुमच्यासमोरचा तिसरा कागद."

कागद सळसळले. मागे कुणाच्या तरी हातातली बशी वाजली.

"काढलंत? चार वर्षांनी?" स्टॅनक्लिफनी चष्मा वर केला. "म्हणजे आता या विषयात तुमचा काही हितसंबंध नाही."

इथं 'नाही' म्हणून खाली बसता आलं असतं. तिची साक्ष धरली गेली असती, काम झालं असतं. ब्रायनीनं टेबलाची कड पकडली.

"आहे," ती म्हणाली. "तुकड्यात नाही. तुकडा ज्याच्या नावावर आहे, त्याच्याशी... निकटचा संबंध. म्हणजे माझ्या बाजूनं आहे. त्यांच्या बाजूचं मला माहीत नाही. पण नियमात असा संबंधही सांगावा लागतो, म्हणून सांगते."



"इतिवृत्तात घ्यायचं?" उपाध्यक्ष मिसेस ग्रिम्सनी विचारलं. त्यांचं खाटकाचं दुकान. शब्द मोजून वापरायच्या.

"घ्या," ब्रायनी म्हणाली. "आणि माझं नाव निघाल्यावर यादीत पहिलं कोण आलं, तेही घ्या."

स्टॅनक्लिफनी तिसरा कागद पुन्हा पाहिला. पहिलं नाव त्यांच्या मेहुणीचं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "असं असेल तर... मलाही बाहेर बसायला हवं."

"हवं," मिसेस ग्रिम्स म्हणाल्या.

हितसंबंध सांगितला की खोलीत थांबता येत नाही. अध्यक्ष बाहेरच्या पडवीत गेले. ब्रायनी हॉलच्या स्वयंपाकघरात गेली, दार लावून ओट्याला टेकून उभी राहिली. दार उघडलं. जॉस आत आला.

"तुम्हाला थांबायला हरकत नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही गावकरी म्हणून—"

"माझाही हितसंबंध आहे."

किटली गुणगुणत होती. दोघांमध्ये कपांचा एक ट्रे.

"माझ्या बाजूचं माहीत नाही म्हणालात," जॉस म्हणाला. "रोज साडेपाचला जो माणूस फाटकाशी उभा राहतो, त्याच्या बाजूचं?"

"मला वाटलं, कडी लावताय."

"चाळीस मिनिटं?"

"पियानोवाले सावकाश असतात असं ऐकलंय."

तो ट्रे बाजूला करायला लागला, तेवढ्यात तिनं हात आडवा केला. "थांब. आधी ऐक. मोजणीच्या दिवशीच मला कोंब दिसले होते. मी झाकून घरी गेले, जॉस. पूर्ण एक दिवस गप्प बसले. तुकडा माझाच झाला असं धरून वाटाणे कुठं लावायचे तेही ठरवलं."

"मग?"

"मग डब्यांना पाणी घालताना लक्षात आलं... उद्या साडेपाचला फाटकाशी कोणी नसणार." तिनं खाली पाहिलं. "एवढंच. फार थोर कारण नाही."

पट्ट्या चिकटवलेला त्याचा हात ट्रेवरून आला, आणि तिच्या बोटांवर राहिला. खरखरीत, गरम.

"मला पुरेसं थोर आहे," तो म्हणाला.

पलीकडे खुर्च्या सरकल्या. डोरीनचा आवाज आला, "माझी तीन मिनिटं मी बोलण्यात घालवणार नाही. उठा, डोळ्यांनी बघा." मग मिसेस ग्रिम्सचा, "चला." सगळी सभा कोटांत हात घालत गावबागेकडे निघाली. मेच्या पहिल्या संध्याकाळचा उजेड अजून होता. रिकाम्या हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात त्यानंतर जे झालं, ते इतिवृत्तात नाही.

परत आल्या तेव्हा मिसेस ग्रिम्सच्या हातात भांडी पुसायचा टॉवेल होता. त्यांनी तो टेबलावर उलगडला. अकरा कोंब, मुळाशी स्वच्छ कापलेले.

"तुम्ही कापलेत?" जॉस म्हणाला.

"पुरावा टेबलावर लागतो. पावणेआठ काठ्या. तुकडा पेंगेलींकडे राहील. विषय संपला, लोणी आहे का?"

लोणी होतं. ब्रायनीनं तवा ठेवला, आणि मिसेस ग्रिम्सनी उरलेलं इतिवृत्त उभ्याउभ्या लिहून टाकलं. डोरीन ओट्याशी आली.

"तुला माहीत होतं," ब्रायनी हळू म्हणाली. "शतावरीचं."

"हेस्टरनं लावली तेव्हा दोरी मीच धरली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस का ते बघायचं होतं, पोरी. नसतीस बोललीस तर माझी तीन मिनिटं होतीच."

घरी जाताना जॉस म्हणाला, "जोडीला तुझं नाव लावू."

"लावता येत नाही. एकाच पत्त्यावर राहणाऱ्यांचंच लागतं. मी यादीत पुन्हा नाव घातलंय, तेविसावी आहे. माझा नंबर आला की येईन."

"पत्ता बदलता येतो, चिटणीसबाई."

"येतो," ती म्हणाली. "आधी कांदे सरळ रांगेत लाव, मग बघू." पण हात तिनं सोडवून घेतला नाही. ऑक्टोबरात पत्ता बदलल्याचा फॉर्म आला. तो तिनंच भरला, आणि नियमाप्रमाणे सही करायला मिसेस ग्रिम्सकडे पाठवला.

तर कोणाचं काय गेलं? स्टॅनक्लिफची मेहुणी त्यांच्याशी नाताळपर्यंत बोलली नाही. जॉसचा एक स्वेटर गेला. ब्रायनीची चार वर्षं आणि पहिला नंबर गेला. अकरा कोंबांतला एकेक सहा सदस्यांनी खाल्ला, दोन डोरीननं, एक अध्यक्षांनी वासानं पडवीतून आत येऊन, आणि एकेक त्या दोघांनी.

शतावरी लावली की तीन वसंत तिला हात लावायचा नसतो. पहिले दोन वसंत हेस्टर आत्या कुंपणाशी उभी राहून नुसती बघत राहिली. तिसरा आला तेव्हा ती अंथरुणात होती, आणि भेटायला आलेल्या डोरीनला हळूच विचारायची, "आले का?" चौथ्याला दोन महिने उरले होते तेव्हा ती गेली. खरी किंमत तिनं मोजली, आणि तिच्या वाट्याला एकही कोंब आला नाही.